कर्नल येणार म्हणून

आमच्या भागात बाय आणि बाई हे दोन निराळे शब्द आहेत. बाय म्हणजे घरातली पोर. बाई म्हणजे कुणीही परकी, शाळेत शिकवणारी, एसटीत शेजारी बसलेली, कामासाठी हापिसात आलेली. माझे बाबा सकाळी मला बाई म्हणतात. "बसा बाई, गर्दी कमी झाली की तुमचं बघतो," असं सांगून समोरची खुर्ची दाखवतात. पडवीतली गर्दी म्हणजे मी आणि एक मांजर. मी बसते. उभं राहून तरी काय करणार?

बाबा ऐंशीच्या पुढचे आहेत. बोर्ली पंचतनपासून थोड्या अंतरावर खाडीच्या काठी आमचं घर आहे आणि तिथल्याच लहानशा धक्क्यावर ते कारकून होते. कुठली होडी आली, काय माल उतरला, पाणी किती, हे लिहायचं काम. आई मी चौथीत असताना गेली. त्यानंतर शाळा सुटल्यावर मी घरात एकटी असायचे, म्हणून बाबांनी एक शिस्त घालून दिली होती. कडी वाजली की लगेच दार उघडायचं नाही. आतून विचारायचं, "पाणी काय म्हणतंय?" बाहेरचा माणूस भरती म्हणेल नाहीतर ओहोटी म्हणेल. ते बरोबर असेल तरच दार उघडायचं. बरोबर आहे की नाही हे मला कळावं म्हणून त्यांनी माझ्याकडून पाउणकी पाठ करून घेतली होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असतं. दोन पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन. आज द्वितीया असेल तर दीडला भरती, पुढचे सहा तास पाणी उतरणार. चोराला हे जमणार नाही अशी बाबांची समजूत होती. चोर आमच्याच गावचा असता तर त्यालाही जमलं असतं, हे मला बऱ्याच मोठेपणी सुचलं.

निवृत्त झाल्यावर कधीतरी अलिबागच्या कुठल्याशा कार्यालयातलं भंगार लिलावात निघालं आणि बाबा एक जुना कॉम्प्युटर घेऊन आले. पडदा हिरवा, आवाज पिठाच्या गिरणीचा. पुस्तक समोर ठेवून, एका बोटाने कळा दाबत ते बेसिक ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकले आणि भरती-ओहोटीचा एक प्रोग्रॅम लिहिला. तिथी विचारायची, पाऊणपट करायची, आमच्या खाडीत पाणी जेवढं उशिरा चढतं तेवढी मिनिटं मिळवायची, एवढंच तो करतो. वेळ दिसली की एक कळ दाबायची, मग पडद्यावर रोमन अक्षरांत ओळ येते: ‘काम संपले’. ही ओळ त्यांनी गंमत म्हणून घातली असणार. निघालेली वेळ ते पडवीच्या खांबावरच्या फळ्यावर खडूने लिहीत. कालवं, म्हणजे खडकांना चिकटलेले शिंपले, काढायला जाणाऱ्या बायका जाता-जाता फळा बघायच्या. आता त्यांच्या फोनमध्ये सगळं असतं, तरी बाबांकडे बघून मान वर करतात आणि फळा वाचल्यासारखं करतात.

बाबांचा विसर वाढला तेव्हा मी मुंबईची नोकरी सोडून इथे आले. लोकांच्या बंद पडलेल्या मशीनी चालू करून देण्यात माझं आयुष्य गेलं होतं. पुन्हा कुठल्या मशीनला हात लावायचा नाही असं ठरवूनच मी सामान बांधलं होतं.

इथे आल्यावर थोड्याच दिवसांत मला त्यांच्या दिवसाची घडी समजली. सकाळी अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून ते पडवीत येतात ते धक्क्यावर ड्युटीला आल्यासारखे. तेव्हा मी बाई. बोलणंही हापिसातलं, आपण-तुम्ही करून. मशीन सुरू करायची, भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची, ती टाइप करायची. उत्तर आलं की ओठांतल्या ओठांत पाउणकी म्हणून ताडून बघायचं, कारण मशीनवर त्यांचा विश्वास नाही. मग फळा. मग ‘काम संपले’. ही ओळ वाचली की ते बटण बंद करतात, पडवीतून उतरतात, घराला अर्धा वळसा घालून पुढच्या दाराशी येतात आणि कडी वाजवतात. मी दार उघडलं की म्हणतात, "काय गं बाय, जेवलीस काय?" तिथून झोपेपर्यंत ते घरी असतात आणि मी त्यांची मुलगी असते. लोकांना ही अवस्था वाईट वाटायची. मला चालत होती. सकाळचा तासभर परकं राहून बाकीचा दिवस मिळत असेल तर सौदा काही वाईट नव्हता.

गणपती गेले आणि मशीनची हार्ड डिस्क गेली. एक किरकिर आवाज आला आणि पडदा नुसता हिरवा राहिला. बाबा समोर बसून राहिले. दुपार झाली, संध्याकाळ झाली. मी जेवायला वाढलं तर ताटाकडे बघून म्हणाले, "तुमचा डबा मी कसा खाऊ, बाई?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की काय बंद पडलंय. काम संपल्याची ओळ येत नव्हती, म्हणून ड्युटी सुटत नव्हती. ड्युटी सुटत नव्हती म्हणून ते घरी येत नव्हते. दुसऱ्या दिवशीही तेच, फार आग्रह केला तर परक्यासारखे चार घास. तिसऱ्या दिवसापासून मी मोजायचं सोडून दिलं. घरात राहून मी त्यांची वाट बघत होते आणि ते समोरच बसलेले होते.

पहिल्यांदा मी सोपं ते केलं. प्रोग्रॅमच्या फ्लॉप्या बाबांनी प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवल्या होत्या. खाऱ्या हवेने बहुतेकींच्या चकतीवर बुरशी धरली होती, एक मात्र वाचत होती. त्यातला प्रोग्रॅम मी माझ्या लॅपटॉपवर जुन्या मशीनचं सोंग आणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालवला, पडदा हिरवा केला आणि बाबांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि अदबीने माझ्याकडे परत सरकवला. ही मशीन आपल्या धक्क्याची नाही, हिच्यावर केलेली नोंद चालायची नाही, म्हणाले. सरकारी माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

म्हणजे तीच मशीन उठवायला हवी होती. मशीन चालवणारी मूळची प्रणाली, डॉस, जिच्यावर होती ती फ्लॉपी बुरशीत गेली होती. पण डॉससारखीच चालणारी, फुकट मिळणारी एक प्रणाली लोकांनी बनवून ठेवली आहे, हे मला नोकरीपासून माहीत होतं. तिचं पान उघडलं आणि अंगातली उरलीसुरली शक्ती गेली. निवडा म्हणे. सीडीवरून चढवायचा इन्स्टॉलर निवडा, जुन्या सीडीवाल्या मशीनसाठीचा निवडा, पेनड्राइव्हचा मोठा निवडा, पेनड्राइव्हचा छोटा निवडा, फ्लॉप्यांचा निवडा. मग कर्नल निवडा. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा, मशीन सुरू झाल्यावर सगळ्यात आधी जागा होतो तो. त्यातही जुन्या प्रोसेसरचा वेगळा, तीनशे शहाऐंशी आणि त्यापुढच्यांचा वेगळा. मोठ्या डिस्क वाचणारा वेगळा, छोट्यांवर भागवणारा वेगळा. खाली माणसं एकमेकांशी हुज्जत घालत होती की कुठला चांगला. आयुष्यभर मी दुसऱ्यांसाठी हेच निवडत आले. कुणीतरी एकदा तरी येऊन सांगावं, हे घे, तुझ्यासाठी हेच बरोबर आहे, असं मला त्या दिवशी फार वाटलं.

बाबांच्या मशीनला सीडी नाही, पेनड्राइव्ह घालायला जागा नाही. म्हणजे फ्लॉप्यांचाच इन्स्टॉलर. माणगावच्या एका स्टेशनरीच्या दुकानात वरच्या फळीवर फ्लॉप्यांचा एक बंद खोका निघाला. दुकानदाराने तो पुसून दिला आणि घरी काय लोणचं घालायचंय का, असं विचारलं. हार्ड डिस्कच्या जागी बसवायला एका फोटो स्टुडिओवाल्याकडून जुन्या कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड आणलं आणि ते डिस्कच्या वायरला जोडायची पट्टी कुरियरने मागवली. फ्लॉपी वाचणारं यंत्र उघडून त्याचं डोकं कापसाने आणि स्पिरिटने पुसलं. हे सगळं पडवीत, बाबांच्या देखत. ते मला दुरुस्तीला आलेल्या बाई समजत होते आणि मधूनमधून चहा सांगू का विचारत होते. चहा मग मीच करायचे.

इन्स्टॉलर सुरू झाला आणि एकामागून एक फ्लॉप्या मागू लागला. मधलीच एक वाचेना. ती पुन्हा लिहिली, तर पुढची वाचेना. असे तीन-चार दिवस घालवल्यावर मी तो नाद सोडला. सगळं चढवायची गरजच काय होती? एका फ्लॉपीवर कर्नल आणि हुकूम घेणारा छोटा प्रोग्रॅम ठेवायचा, मशीन त्या फ्लॉपीवरून सुरू करायची आणि ते दोन्ही हाताने कार्डावर उतरवायचे. मोठा थाट नको. प्रश्न राहिला कर्नलचा.

तो विचारायला मी ऐरोलीच्या माझ्या जुन्या सहकारी मैत्रिणीला फोन लावला. आमच्या घरात नेटवर्क नाही. विहिरीच्या कठड्याशी उभं राहून बोलावं लागतं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलावं लागतं. मी ओरडत होते, "अगं, पण कर्नल कुठला घेऊ? जुना की नवा?" ती म्हणाली, "मशीनवर काय लिहिलंय? थ्री एटी सिक्स? मग नवा घे ना यार, टेन्शन कायको." मशीनच्या झाकणावर तीनशे शहाऐंशीचा बिल्ला होता. मी नवा कर्नल घेतला.

पडवीत आले तर बाबा उठून उभे होते. शर्टाचं वरचं बटण लावत होते.

"बाई, कर्नलसाहेब येणार म्हणून ऐकलं. कधी येणार?"

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, म्हणून मी ते आवरलं नाही. कर्नल म्हणजे फौजेतला नव्हे, मशीनमधला, असं मी समजावायला गेले, पण ते मला स्वतःलाच पटेना. शेवटी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही. त्यावर त्यांनी मान डोलावली. नक्की ठरल्याखेरीज वरचे लोक "ठरलेलं नाही" असं सांगत नाहीत, हा त्यांच्या नोकरीतला अनुभव असावा. त्यांनी फळा ओल्या फडक्याने पुसून कोरा केला. साहेबांची होडी लागायची तर पाण्याची वेळ लिहिलेली हवी आणि मशीनशिवाय ती लिहायची कशी, ही काळजी त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

नव्या कर्नलने मशीन सुरू केली तर एक रेघ लुकलुकली आणि थांबली. पुढे काही नाही. मी कार्ड काढून घातलं, फ्लॉपी पुन्हा लिहिली, वायर उलटी-सुलटी करून बघितली. रेघ तशीच. त्या रेघेकडे बघत मी किती वेळ बसले कोण जाणे. मान वर केली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

कोजागिरी आदल्याच दिवशी झाली होती. प्रतिपदा, म्हणजे उधाणाचं पाणी आणि भरती पाऊण वाजता. मला घड्याळ बघायची गरज पडली नाही, उन्हावरून कळत होतं की पाणी चढतंय. धक्क्याकडे जाणारी दगडी वाट उधाणात बुडते. मी चपला न घालता धावले. बाबा वाटेच्या मध्यावर उभे होते, पांढरा शर्ट, पाणी पोटऱ्यांना लागलेलं. कालवंवाली शेजारीण त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"ताय, कवाशी उभे हायत," ती म्हणाली. "कर्नल यायचा हाय म्हनतात. मी म्हनलं, बाबा, पानी चढतंय. तर म्हनतात, मला म्हाईत न्हाय व्हय?"

आम्ही दोघींनी त्यांना मागे आणलं. ते आले, पण नाराज होऊन. घरी आणून मी त्यांचे पाय पुसले. बाबा खुर्चीत अवघडून बसले होते. परक्या बाईने पायाला हात लावावा हे त्यांना बरं वाटत नव्हतं. मला रडू आलं. भीतीने आलं, रागाने आलं आणि दमल्याने आलं. मला रडताना बघून ते म्हणाले, "बाई, तुमचं काम होईल. रडू नका. साहेब आले की मी स्वतः सांगतो." मग मात्र मी आत जाऊन बसले.

पुढचे काही दिवस पडवीच्या फाटकाला दोरी बांधून काढले. मशीनकडे बघवत नव्हतं. बाबा रोज विचारत, आले का? मी नाही म्हणे. एका सकाळी निव्वळ चिडून मी झाकण पूर्ण काढलं आणि टॉर्च घेऊन आतल्या पाटीवरचा प्रोसेसर पुसला. त्यावरचा आकडा होता दोनशे शहाऐंशी. झाकण एका मशीनचं होतं आणि आतडी दुसऱ्या मशीनची. लिलावातल्या दोन भंगार मशीनींतून बाबांनी एक चांगली बनवून आणली असणार आणि झाकण जास्त चकचकीत होतं ते लावलं असणार. आमच्याकडे जुन्या होडीला नव्या होडीची फळी लावतात, तसं. मी बिल्ला वाचून कर्नल निवडला होता. बिल्ला वाचून निवड करणारे लोक मी नोकरीत पुष्कळ पाहिले होते आणि त्यांना पुष्कळ नावं ठेवली होती.

मग जुना कर्नल घेतला. सगळ्यात जुन्या प्रोसेसरवर चालणारा, मोठ्या डिस्कांचा हव्यास नसलेला, मेमरी कमी खाणारा. फ्लॉपी घातली, बटण दाबलं. रेघ लुकलुकली, थांबली आणि मग हिरव्या अक्षरांत ओळी उतरू लागल्या. कर्नल कार्डावर उतरवायला एक हुकूम पुरला. फ्लॉपी बाहेर काढून पुन्हा बटण दाबलं. मशीन स्वतःच्या पायावर उभी राहिली. मी बेसिक चढवलं, बाबांचा प्रोग्रॅम चढवला आणि सुरू झाल्याबरोबर तोच उघडेल अशी व्यवस्था केली. मला आनंद झाला का? खरं सांगायचं तर पाठ दुखत होती.

"आले का?" बाबांनी विचारलं.

"आले," मी म्हटलं.

ते पुढे येऊन बसले. पडद्यावर रोमन अक्षरांत ‘तिथी’ आणि प्रश्नचिन्ह. बाबा स्थिर बसले आणि मला धास्ती वाटली की आता हेही गेलं, एवढ्या दिवसांत बोटं विसरली. मी सांगायला तोंड उघडलं होतं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, मान वळवून कॅलेंडर पाहिलं आणि सात टाइप केलं. उत्तर आलं. ते पुटपुटले, सात पाऊणे सव्वापाच, मग खाडीची मिनिटं मिळवली आणि पडद्याशी ताडून पाहिली. जमलं. उठून फळ्यावर ठसठशीत अक्षरांत वेळ लिहिली. अक्षर पूर्वीपेक्षा कापरं होतं. परत येऊन कळ दाबली.

‘काम संपले’.

त्यांनी ती ओळ वाचली. बटण बंद केलं. चष्म्याची घडी घालून तो खिशात ठेवला आणि माझ्याकडे वळून हात जोडले. "निघतो बाई," म्हणाले. "घरी पोर एकटी आहे."

मी फाटकाची दोरी सोडली. ते पडवी उतरून वळसा घालायला निघाले, तशी मी आतून पुढच्या दाराकडे गेले. कडी लावली. मागच्या कित्येक आठवड्यांत त्या दाराला कुणी कडी लावली नव्हती, येणारं कुणी नव्हतं. दाराला पाठ लावून उभी राहिले. त्यांची चप्पल ऐकू आली, थांबली, पुन्हा ऐकू आली. मग कडी वाजली.

हात दारावर गेला होता, पण उघडलं नाही. शाळेच्या दिवसांनंतर किती वर्षांनी कोण जाणे, मी आतून विचारलं, "पाणी काय म्हणतंय?"



"ओहोटी लागली गं," बाबा म्हणाले.

सात पाऊणे सव्वापाच. पाणी सकाळीच चढून गेलं होतं, आता उतरतच असणार. मी कडी काढली.

"लगेच उघडलं न्हाईस," ते म्हणाले. "शाणी माझी बाय. जेवलीस काय?"